सात वीसची हवा

वडणग्याच्या शिवारात सकाळी सात वीसला
मी मातीवर डबा पालथा घालतो,
पारदर्शक, डोक्यावर रबरी बूच.
दर वीस मिनिटांनी सुई टोचायची,
हवा ओढायची, बाटलीत भरायची, चिठ्ठी लावायची.
हवा दिसत नाही. चिठ्ठी दिसते.

आक्काताई मगदूम बांधावर उकिडव्या.
"नाडी बघतोस व्हय रं रानाची?"
तसंच म्हणा.
"मग जीभ बी बघ की."

परवा रात्री शेजारच्या श्रीपालनं पाचट पेटवलं.
एक काडी, अडीच एकर उजेड.
सकाळी दोरीवरच्या धुण्यावर काजळीची पिसं,
आणि एक टिटवी राखेवरून पळत होती,
थांबतच नव्हती.
त्याचंही खोटं नाही:
पाचटात पाणी अडतं, उंदीर होतात,
भांगलायला बाया यायच्या नाहीत.

आक्काताईंनी पाचट एक आड एक सरीत दाबलं,
वर शेणकाला शिंपडला.
युरिया निम्म्यावर आणला, तोही फेकला नाही,
पहारीनं भोक पाडून मुळाशी पुरला.
थोरला दीर म्हणाला, ऊस उपाशी मारतीस काय?
"खाईल तेवढंच वाढतोय. उरल्यालं उडून जातंय म्हणं.
कुठं, ते ह्या पोराला इचारा."

मी सांगितलं, रंग नाही, वास नाही,
वर जाऊन शंभरेक वर्षं राहतं,
भर उन्हाळ्यात गोधडीवर गोधडी.
"शंभर," त्या म्हणाल्या. "आमच्यात एवढं कोण टिकलं न्हाई."

गोठ्यात म्हशीनं ढेकर दिली.
"तिला बी लाव तुझा डबा."
ते दुसऱ्या साहेबांकडं आहे, मी म्हणालो,
आणि ते खरंच होतं.

मग त्यांनी बाटली उन्हाकडं धरली.
काय लिवलंय?
आक्काताई मगदूम, सरी चार, सात वीस.
बराच वेळ काही बोलल्या नाहीत.
सातबाऱ्यावर दीर आणि लेक,
सोसायटीत लेक, कारखान्याच्या बिलावर लेक.
"माझं नाव आलं ते ह्यात," म्हणाल्या,
"वाऱ्यावर."

पंधरवड्यानं आकडे आले. श्रीपालच्या रानापेक्षा कमी.
"शून्य आलं काय?"
नाही आलं.
"मग जित्ती हाय म्हणायची."

आज श्रीपाल बांधापलीकडं उभा आहे.
त्याचं खालचं रान अजून पेटायचंय.
खिशात काडीपेटी वाजते.
विचारतो, ते पाचट कुटायचं यंत्र,
तासाला किती घेतात?