वजन

जेजेत पहिल्या वर्षी तळवडेकर सर
माझ्या कागदावर अंगठा टेकवून म्हणाले,
ही बाई स्टुलावर बसलेलीच नाही,
टांगलीय.

तेवढंच. मग चहाला गेले.

गजराबाई उठल्या, लुगडं सावरत
माझ्या बोर्डापाशी आल्या.
'डाव्या कुल्ल्यावर बसते मी,
उजवा दुखतो. तिथनं धर.'

आता परळच्या गाळ्यात रविवारी
मी शिकवतो. कोळसा, पंख्याची घरघर.
मुलं आधी नाकडोळेच काढतात.
मी अंगठा टेकवतो, तोंड उघडतो, मिटतो.

मॉडेल रात्रपाळीचा वॉचमन, दगडू पाष्टे.
पाष्टे, कुठं दुखतंय?

'टाचेत.'

बारा कागदांवरचे चेहरे
कालच्या पावानं पुसून
मुलं खालून सुरुवात करतात.