नमुना नंबर आठ

ग्रामसेवक मोजपट्टी घेऊन आला,
एक टोक माझ्या हातात दिलं.
लांबी एकतीस, रुंदी अठरा.
भिंती : दगड-माती, वरून चुन्याचा हात.
छप्पर :
इथे तो वर बघून थांबला.

छप्पर वैशाखातल्या वावटळीत गेलं, मी सांगितलं.
सहा पत्रे. चारांचा पत्ता नाही.
दोन नाल्यापल्याड, सांडू मिसाळच्या गोठ्यावर,
दगडं ठेवून दाबलेले.

शांतवनमामा मागायला गेले होते.
दिवेलागण झाली तरी येईनात.
आले ते कोपरापर्यंत शेणामातीनं भरलेले.
म्हैस अडली होती, म्हणाले, रेडकू झालं.
गव्हाणीवर सावली बरी पडते त्या पत्र्यांची.
मागायचं राहूनच गेलं.

मार्थाकाकू दोन रविवार त्यांच्याशी बोलली नाही.
पत्रे तिच्या सरकी-कापसाच्या पैशांचे.
तिचंही खोटं नव्हतं.

वापर काय?
पेन कानामागून काढत त्यानं विचारलं.

रविवारी आठ घरं. कोयता घेऊन माणसं गेली की तीन.
एकदा तर पाळकसाहेब, मी
आणि तुळईवरच्या चिमण्या.
अंबडहून मोटारसायकलवर आलेले, रिकामं कसं जायचं,
त्यांनी पूर्ण उपदेश केला, एकटीकडे बघून.
माझं अर्धं ध्यान चुलीवरच्या वरणात.
तो वापर कोणत्या रकान्यात बसतो?

मालक?
जुन्या उताऱ्यावर एक गोरा साहेब होता,
त्याच्या नावावर रेघ.
येशू लिहू का, तो हसला. वाईट नव्हतं हसणं.
मंडळी लिहा, मी म्हटलं.
कोणाची मंडळी? नवऱ्याचं नाव सांगा, बाई.

आता याला काय सांगावं.
नवरा पंगतीत बायकोला मंडळी म्हणतो,
पाटील चावडीवर गावाला मंडळी म्हणतो,
आणि आमच्यात हाच शब्द
या भिंतींना नाही,
भिंतीत येऊन बसणाऱ्यांना.
मग कोणीच आलं नाही त्या रविवारी
मंडळी कुठं असते?
मला कुणी शिकवलं नाही. मी विचारलंही नाही.

माय आजारी होती तेव्हा
रात्रभर गुडघ्यांवर होते सगळे, पत्र्याखाली, इथंच.
पहाटे ती गेली.
कुणी देवाला जाब विचारला नाही,
कुणी देवाची बाजूही घेतली नाही.
सुवार्ताआत्यानं चहा ठेवला, साखर जास्त पडली.
सगळ्यांनी तसाच पिला.
विश्वास म्हटलं की मला
शास्त्रातली ओवी आठवत नाही,
तो गिळवेना झालेला चहा आठवतो.

रोज नसतो माझा विश्वास. खरं सांगते.
कधी मार्थाकाकूचा असतो, मी तिच्या शेजारी बसते,
शेकोटीशी बसावं तसं.
कधी तिचा नसतो. मग माझ्याकडे बघते ती,
आणि माझ्याकडेही काही नसतं,
तरी आम्ही दोघी उठून उभ्या राहतो गीताला.

ग्रामसेवकानं पट्टी गुंडाळली.
माझ्या हातातलं टोक सुटलं, सरसरत गेलं.
बापानं ज्यावर हातोडी मारून माणसं बोलावली
तो रुळाचा तुकडा लिंबाला तसाच लटकलेला,
त्याची नोंद झाली नाही.

निघताना मी दाराला कडी घातली,
कुलूप लावलं, ओढून बघितलं.
वर तर उघडंच आहे, तो म्हणाला.

हो, म्हटलं.
चावी कमरेला खोचली.