दोन सूत

गाडी जॅकवर चढली की डेल्मर बोलत नाही.
मग मीच बोलते. बहीण म्हणून नाही,
अर्ध्या गाडीची मालकीण म्हणून.
डावी बाजू माझी, म्हणते मी दरवेळी,
आणि घासतंय ते डावीकडचंच चाक.

एकाहत्तरची डॅटसन. जुनी चाकं तेरा इंची,
रुंदीला आडव्या पंजाएवढी.
त्यांवर ती वळणात अशी कलायची
जशी पोल्काच्या तिसऱ्या फेरीत मिल्ड्रेड आत्या.
नवी पंधरा इंची, सात इंच रुंद.
खोक्यातून निघाली तेव्हा डेल्मरनं हातसुद्धा लावला नाही,
पाहुण्यांच्या कुत्र्याला लावत नाहीत तसा.
"बाबांनी असली बसवली असती का?"

बाबांनी सीटबेल्ट कापून त्यांनी वासरू बांधलं होतं.
हे मी बोलले नाही. नट सैल करत राहिले.

रविवारी, बंद पडलेल्या विमानतळाच्या धावपट्टीवर,
शंकूंच्या दुसऱ्या वळणात टायर कडेला लागला.
धूर. जळक्या रबराचा वास.
दोन शंकू पोटाखाली घेऊन
आम्ही शेवटून दुसरे.
आमच्या मागे एक मुलगा, आईची व्हॅन घेऊन आलेला.

आत स्प्रिंगची वाटी, बाहेर फेंडरची कड,
आणि मधल्या बोळात हे जाडजूड बिऱ्हाड.
आत सरकवावं तर स्ट्रटला टेकतं,
बाहेर काढावं तर पत्रा रबर तासतो.
मी नातवाची निळी माती कडेच्या आतून थापली,
स्टिअरिंग पार वळवलं, सरळ केलं,
चेपलेली माती सुरीनं कापून मोजली.
दोन सूत.
दोन सूत जागा हवी होती फक्त.

"दोन सुतांवरून स्वर्ग गाठायला निघालीस," डेल्मर म्हणाला.
"ही मूळची गाडी आहे, आयलीन. मूळची.
अख्ख्या नेब्रास्कात अशा किती उरल्या असतील?"
मूळ म्हणताना त्याचा आवाज चर्चमधला होतो.
शोरूममधून कोरी घेतली, असं बाबा सांगायचे,
दर थँक्सगिव्हिंगला, टर्की कापता कापता,
आणि किंमत दरवर्षी थोडी वाढायची.

शेवटी त्याचीच बॅट आणली, शाळेतली, बेसबॉलची,
मुठीपाशी अजून काळी चिकटपट्टी.
जॅक उतरवला. टायर आणि कड यांच्या फटीत बॅट घातली.
हीट गननं पत्रा ऊन केला, मधूनमधून
तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात
तसा हात लावून बघत.
मी बॅट धरली, डेल्मरनं गाडी ढकलली,
वीतभर पुढं, वीतभर मागं,
पुन्हा वीतभर पुढं.
कड आत मुडपत गेली,
पत्रा एखाद्या पत्रासारखा दुमडत गेला.
शेजारच्या शेतात क्रोसचं यंत्र मका खात होतं,
त्या आवाजातही ऐकू आलं:

टक्क.

नारिंगी रंगाचा एक पापुद्रा उडून
माझ्या बाहीवर बसला.

डेल्मर गुडघ्यांवर आला. चष्मा कपाळावरून खाली घेतला.
नारिंगीखाली हिरवा होता.
गाईंच्या टाकीतल्या शेवाळासारखा, ऊन न लागलेला हिरवा,
आणि त्याच्याही खाली लांबीचा थर, नखाएवढा जाड,
कुणीतरी कधीतरी कुठल्यातरी खांबावर घेतलेल्या धडकेचा.

आम्ही दोघं मिळून एकशे एकतीस वर्षांचे.
इतक्या वर्षांत एकदाही
फेंडरच्या आत बघितलं नव्हतं.

तो अंगठा फिरवत बसला कडेवरून,
हिरव्यावरून, परत कडेवरून.
मला वाटलं, आता चावी बॉनेटवर ठेवेल
आणि काही न बोलता घरी जाईल.
आत्याच्या मयतीलाही तो असाच उठून गेला होता.

"उजवीकडे पण हिरवी असेल का गं?"

"उजवी तुझी," मी म्हटलं.

त्यानं बॅट माझ्या हातातून घेतली.
हीट गनची वायर तिकडे पोचत नव्हती.
एक्स्टेन्शन शोधायला तो कोठारात गेला,
आणि बराच वेळ तिथं डबे पाडत राहिला.