सुका

सौदा बाराला आटपला.
राजापुरीचे ढीग जागच्या जागी खाली बसले,
हमालांनी नळाखाली माना धरल्या.
मी वहीत शेवटचा आकडा मांडला
आणि बोटं पुसली. ती काही पुसली जात नाहीत.
एकवीस वर्षं नखांना पिवळी कड आहे,
रोज सकाळी नवं लग्न ठरल्यासारखी.

रत्नप्रभानं पहाटे बांधलेला डबा
हँडलला तसाच लटकवून
मार्केट यार्डाच्या मागल्या फाटकातनं निघालो.
तिथं आधी झेरॉक्सचं दुकान होतं.
आता तौफिक मुजावरचं कॉफी शॉप आहे:
चार टेबलं, वाफ सोडताना खेकसणारं एक मशीन,
भिंतीवर पांढऱ्या जहाजाचा फोटो.
त्याच्या भटारखान्यात सात वर्षं काढली म्हणतो,
पण समुद्र फारसा बघितला नाही.
खिडकीच नव्हती.

बुधवारी कॉफीच्या जोडीला भात.
पाटीवर खडूनं लिहिलेलं: नासी गोरेंग.
पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी म्हणालो होतो,
"नासका कशाला खाऊ घालतोस, बाबा?"
"बसा की, दिवाणजी. नासी म्हणजे भात.
तुमच्या घरचा फोडणीचाच,
जरा लांबनं फिरून आलाय एवढंच."

तर बसलो. आत कढई वाजत होती.
भात कालचाच लागतो, ताजा चिकटतो.
तिकडचा गोड काळा सॉस इथं मिळत नाही,
म्हणून हा कवठेपिरानच्या गुऱ्हाळातली काकवी
सोयात आटवतो. चिमूट सुकट, भाजून, कुटून
(माळकरी आला तर आधीच सांगून टाकतो).
मिरची मात्र पाट्यावर.
मिक्सर फिरवला तर सुत्रिस्नोला कळेल, म्हणतो.
सुत्रिस्नो, त्याचा जहाजावरचा उस्ताद, जावा बेटावर असतो.
कसं कळेल, ते मी विचारलं नाही.

ताटलीत केळीच्या पानाचा चौकोन,
त्यावर तांबूस भाताची मूद,
मुदीवर डोळा उघडा ठेवून झोपलेलं अंडं,
काकडीच्या दोन चकत्या,
आणि पापडाच्या जागी मूठभर भडंग.
ही भर मात्र त्याची स्वतःची.

पहिला घास गोड. मी मनात म्हटलं, हात्तिच्या.
दुसरा धुरकट, खारट, ओळखीचा न ओळखीचा.
तिसऱ्याला
कानामागून आली आणि तिखट झाली.
म्हण आयुष्यभर ऐकत होतो,
आज खाल्ली.
खर्ड्यावर वाढलेला माणूस मी,
टोपीखाली घाम, नाकाला रुमाल,
जीभ बाहेर काढायची तर समोर
कॉलेजच्या दोन मुली.
"पाणी नको! काकडी खावा!" आतनं आवाज.
अंडं फोडलं. पिवळं भातावर उतरलं
तसं जरा थंडावलं, आणि मग
हात थांबेचना.

तेवढ्यात काउंटरवरचा फोन वाजला.
व्हिडिओ कॉल. बारीक मिशीचा, हसरा,
पाठीमागं कोंबडा आरवतोय, दुपारचाच.
तौफिकनं फोन माझ्या ताटलीवर धरला.
तो माणूस वाकून बघत म्हणाला, "सुका?"
"सुका कुठला, राव," मी म्हटलं,
"चांगला ओलसर आहे की."
तौफिकला हसू आवरेना, पलिता हातात तसाच.
"अहो, त्यांच्यात सुका म्हणजे
आवडला का?"

मी मान डोलावली. ती त्याला कळली.

भरला डबा घरी न्यायची सोय नाही.
तौफिकपुढं सरकवला.
शेपूची भाजी, दोन भाकरी, दुपारपर्यंत
कडक झालेल्या. उभ्यानंच मोडून खाल्ल्या त्यानं,
मशीनकडं पाठ करून, काही न बोलता.
शेवटचा तुकडा राहिला तेव्हा मी विचारलं,
"सुका?"
भरल्या तोंडानं म्हणाला, "सुका, दिवाणजी. लई सुका."

अडतीवर परतलो. ओठ अजून भणभणत होते.
शेटनं चष्म्यावरनं बघितलं:
"काय ओ, भाव पडला म्हणून रडताय?"
मी वही उघडली, नाक ओढलं,
"नाही शेट," म्हटलं, "जेवलो."