जिभांचा हिशेब

शाळा सुटली की एल्ड्रिड धक्क्यावर जाते,
बाबांचा पिवळा एप्रन दोनदा गुंडाळून कमरेला बांधते.
लोफोटेनचा मार्च. बोटं निळी, नाक लाल.
समोर टबभर कॉडची मुंडकी,
आभाळाकडे आ वासून.

मुंडकं उचलायचं, लोखंडी खिळ्यावर रोवायचं,
सुरीचा एकच फेर,
जीभ बादलीत. डबक.
किलोमागे पैसे. इथली पोरं अशीच कमावतात.
एल्ड्रिडच्या वहीत रेघा आहेत, पाच-पाचच्या जुड्या:
चार हजार दोनशे दहा.
आणखी थोड्या, की हालगाइरच्या दुकानातली लाल सायकल.

पुढचं मुंडकं म्हणालं,
"जरा थांबतेस?"

जिभेला हाड नसतं म्हणतात,
माशाच्या तर नसतंच.
पण ही बोलली, आणि बोलताना
तिच्या मागे, घशाच्या अंधारात, दिवा लागला,
कुणी जिन्यावरचा लावावा तसा.
एल्ड्रिडने शेजारी पाहिलं. ओडवार शिट्टी वाजवत
आपल्या टबात गुंग.
तिने सुरी पुसून ठेवली (शिस्त म्हणजे शिस्त)
आणि आत वाकली.

आधी मान. मग खांदे, एप्रनसकट.
मग बूट तेवढे बाहेर.
मग तेही नाहीत.

आत टाळूचं आभाळ होतं, फिकट, शिराशिरांचं.
त्याखाली गाव. घरं मिठाची,
दारं कल्ल्यांची, श्वासाश्वासाला उघडमीट करणारी.
चौकात मासे उभे, शेपट्यांवर, हजारोंनी,
आणि सगळे गप्प.
इतके, की तिला आपल्याच कानातलं रक्त ऐकू आलं.

एका म्हाताऱ्याने वाळूवर शेपटीने लिहिलं:
किती?

खोटं बोलावंसं वाटलं. पण वही खिशात होती.
"चार हजार दोनशे दहा. माझ्याकडून."
कुणी रागावलं नाही.
रागावले असते तर बरं झालं असतं.
त्याने पुन्हा लिहिलं:
प्रत्येकी एक शब्द दे.

मग तिने दिले.
हातमोजा दिला. दोरी, केटली, उचकी.
भागाकार तर हसत हसत दिला.
शिंपला, उद्या, चुलतभाऊ, गोंद.
शब्द माशाच्या तोंडात पडायचा,
तो जरा चघळून बघायचा, मग ओरडत सुटायचा:
केटली! केटली!
आणि एल्ड्रिडच्या डोक्यात त्या जागी
दात पडल्यावर उरते तशी मऊ पोकळी.

चौकात आता बाजार भरल्यासारखा गलका.
रांगेच्या टोकाला एक पिल्लू, बोटाएवढं.
याला तर पकडायलाच नको होतं कुणी.
तिच्या जिभेवर दोनच शब्द आले.
एक, तेलाच्या फलाटावरून फोन करताना
बाबा तिला मारतात ती हाक.
ती तिने दातांखाली दाबून धरली.
दुसरा दिला.

वर ओडवारची शिट्टी त्याच ओळीवर होती.
तिने ते मुंडकं खिळ्यावरून सोडवलं,
जिभेसकट पाण्यात टाकलं,
आणि वहीत रेघ ओढली नाही.

घरी आई म्हणाली, "कॉफीला पाणी ठेव,"
तर ही चुलीवरच्या वाफाळत्या भांड्याकडे बघत राहिली,
नवीन शेजारीण बघावी तशी.

शनिवारी हालगाइरने विचारलं, "काय देऊ?"
नोटा गल्ल्यावर, मोजलेल्या. पुरेशा.
"ते," ती म्हणाली. "ते... दोन..."
हवेत दोन गोल काढले.
हालगाइरने मान डोलावली
आणि चष्म्यांचा खण उघडला.

काच ओलांडून तिने बोट दाखवलं असतं,
पण ज्याला नाव नाही ते मागायचं कसं, तिला कळेना.

संध्याकाळभर ती धक्क्याच्या कडेला बसली,
पैसे खिशात, पाय लोंबते.
खाली हिरव्या पाण्यात, फार खोल,
कुणीतरी घंटी वाजवत
वळण घेतलं.