पुढं?

जामपासून आत, गिरडच्या रस्त्याला आमचं जिनिंग.
संगणकावर रुईचा पातळ थर,
सकाळी पुसला की जेवणापर्यंत पुन्हा बसतो.
एंटरचं बटन सरकीसारखं टणक झालंय,
दोनदा दाबावं लागतं.

सोमवारपासून मेल उघडेना.
पासवर्ड बरोबर, तोच, चार वर्षांचा.
खिडकी येते, मी टाकते,
खिडकी जाते आणि पुन्हा येते,
हाकललेली मांजर उंबऱ्यात येऊन बसावी तशी.

पुण्याहून अमेय नावाचा पोरगा फोनवर:
मॅडम, आता नुसता पासवर्ड चालत नाही.
दोन पायऱ्या आहेत.
आधी तुम्ही कोण ते सांगायचं,
मग ते तुम्हीच, हे दाखवायचं.

म्हटलं, ऑफिसात लँडलाइन आहे फक्त.
मोबाइलला रेंज काट्याच्या केबिनवर,
कोड जगतो तीस सेकंद
आणि मधे गठाणींची थप्पी.
तो म्हणाला, ट्राय करा ना.

लोखंडी शिडी, तापलेला पत्रा, एक हात वर.
सहा आकडे आले.
ते तोंडात धरून उतरले,
चार शून्य सात, चार शून्य सात,
तर खाली एका गाडीवाल्यानं विचारलं,
माझं किती भरलं वो ताई?
आणि माझे आकडे त्याच्या क्विंटलात सांडले.

गुणवंता गेटवरून ओरडला,
काहून पयून रायल्या वो मॅडम,
कोनी मागं लागलं का?

तिसऱ्या फेरीला वरच बसले.
कापसाचे ट्रॅक्टर रांगेत,
प्रेसचा धक्का पत्र्यातून मांडीला लागत होता.

पायऱ्या दोनच असतात, हे मला कुणी शिकवायला नको.
हिंगणघाटात खोली पाहायला गेले होते,
बाईंनी पंखा लावला, पाणी दिलं,
नाव विचारलं.
प्रज्ञा.
वा, छान. आणि पुढं?

पुढचं सांगितलं.
तीस सेकंदही लागले नसतील,
खोली पुतण्यासाठी ठेवलेली निघाली.
पेला मी रिकामा करून टीपॉयवर ठेवला.
मी चपला घालेपर्यंत तरी
तो तिथंच होता.

दुपारी अमेयचा पुन्हा फोन.
तुमचा प्रोग्राम जुना आहे मॅडम,
त्याला दुसरा प्रश्न विचारताच येत नाही.
त्याच्यासाठी वेगळा पासवर्ड घ्या,
यंत्रच बनवून देतं.

यंत्रानं विचारलं, याला नाव काय द्यायचं?
मी लिहिलं, काटा.
त्यानं पुढं काही विचारलं नाही.

एका चौकटीत सोळा अक्षरं उमटली.
क्यू, एक्स, व्ही, पुन्हा क्यू.
उच्चार करून पाहिला, होत नाही.
ना गाव कळतं त्यातून, ना गल्ली,
ना कुणाच्या लग्नात कुठल्या पंगतीला बसलेली.
खाली बारीक अक्षरात,
हे पुन्हा दिसणार नाही.

हाताला लागली ती वजनाची चिठ्ठी पालथी केली,
पुढच्या बाजूनं अकरा क्विंटल चाळीस,
मागं माझी सोळा अक्षरं.
टाकली. एंटर. पुन्हा एंटर.

खिडकी गेली.
मी पदरानं मान पुसली, थांबले,
ती आली नाही.

मग धडाधड मेल पडू लागल्या, दोनशे चौदा.
ओल साडेआठ टक्के का, म्हणून तीन.
गठाणींचे नंबर जुळत नाहीत, म्हणून नऊ.
आणि सोमवारची, मुख्य कार्यालयाची, लाल खुणेची:
मेल उघडण्यात अडचण आल्यास
कृपया या मेललाच उत्तर द्यावे.

मी इतकी हसले की गुणवंता दारात आला.
जमलं का?
जमलं.
मंग मानलं त्यानं, का तुमी तुमीच आहा म्हून?

म्हटलं, या टेबलापुरतं.

चिठ्ठी मोबाइलच्या कव्हरात सरकवली.
बाहेर तो गाडीवाला अजून उभाच होता,
अकरा चाळीसची पावती मागत.