झालं समजा

माझं काम ऐकलेलं टाइप करणं.
अ‍ॅस्टोरिया, ओरेगन. बंदरावरची दुसऱ्या मजल्यावरची खोली.
खिडकीखाली सीलायन भुंकतात,
ते मी नोंदीत घेत नाही.

आयला कोस्केला, वय एकसष्ट, मासेमारीच्या जाळ्यांचा कारखाना.
होता.
शुक्रवारी पावणेपाचला तिनं फोन केला,
नवं गोदामही विम्यात घाला.
मर्विन टॉलिव्हर म्हणाला, "झालं समजा."
रविवारी पहाटे नायलॉन पेटलं.

कंपनीचा वकील कलम बारा वाचतो:
एजंटानं अर्ज घ्यावा, वर पाठवावा,
शब्द देऊ नये.
मग दारावर पाटी कुणाची, तिची वकील विचारते,
पेनावर नाव कुणाचं, दर नाताळला येणाऱ्या कॅलेंडरवर कुणाचं?
वीस वर्षं हप्ते घेताना
कुणी विचारलं होतं का, हा माणूस आमचा की उपरा?

मर्विन पाणी पितो. रिकामा ग्लास पुन्हा तोंडाला लावतो.

"झालं" म्हणालात, की "समजा"?

एवढ्याशा फटीत
गोदाम मावतं, सव्वीस जणांचा पगार मावतो,
मर्विनचं लायसन्ससुद्धा.

तो आयलाकडे बघतो आणि मान हलवतो.
होकाराची की नुसतीच, कोण जाणे.

तोंडी सांगा, मी म्हणते. मान यंत्रात उमटत नाही.

मधे किती वेळ गेला, तोही नाही उमटत.

"म्हणालो. अधिकार नव्हता. म्हणालो."

पूर्णविराम माझे.
तेवढाच माझा अधिकार.